तेल पचविणारी माती

आसामच्या पूर्व टोकास, जेथे ब्रह्मपुत्रेचे सपाट खोरे संपून पटकाईचे डोंगर वर चढू लागतात, तेथे डिगबोई हे लहानसे शहर वसले आहे. तिनसुकियाहून मोटारीने निघालात, तर माकुमच्या तिठ्यावरून आपण तासाभरात तेथे पोहोचता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस चहाचे मळे, त्यांवर विरळ सावली धरणारी उंच झाडे, बांबूच्या व सुपारीच्या दाटीत दडलेली घरे आणि त्या घरांपुढे पसरलेली भाताची खाचरे. वाटेत मध्येच एखाद्या कुंपणाआड लोखंडी पंप संथपणे मान डोलावीत उभा असतो. हवेत ओल्या मातीचा वास असतो आणि त्या वासात दुसराही एक वास मिसळलेला असतो. पहिल्या पावसानंतर तो विशेष जाणवतो. हा खनिज तेलाचा वास. या भागातील माणसांना त्याची इतकी सवय झाली आहे, की पाहुण्याने विचारल्यावाचून त्यांच्या तो ध्यानातही येत नाही.

डिगबोईस येणारा प्रवासी बहुधा ठरावीक गोष्टी पाहून परततो. जुना तेलशुद्धीकरण कारखाना, तेलाच्या पहिल्या विहिरीजवळ उभारलेले शताब्दी संग्रहालय, दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांची शांत स्मशानभूमी आणि टेकड्यांवरील साहेबी थाटाचे बंगले. हे सारे पाहण्याजोगे आहे, यात शंका नाही. तथापि, वाचकहो, आज आपण नजर जरा खाली वळवू. या गावाचे ज्यावर शतकाहून अधिक काळ पोट भरले आणि ज्याने येथील जमिनीला वेळोवेळी काळे केले, ते तेल मातीत सांडल्यावर पुढे त्याचे काय होते, हे पाहण्यास डिगबोईच्या परिसरासारखे दुसरे ठिकाण आपल्या देशात क्वचितच सापडेल.

डिगबोईच्या नावाची कथा तेथे कोणीही सांगेल. आसाम रेल्वेज अँड ट्रेडिंग कंपनी जंगलातून लोहमार्ग नेत होती. ओंडके ओढणाऱ्या हत्तींचे पाय एके दिवशी काळ्या तेलाने माखलेले दिसले. तेव्हा तेथील इंग्रज अभियंत्याने मजुरांस ‘डिग, बॉय, डिग’, म्हणजे ‘खण, पोरा, खण’, अशी आज्ञा केली, आणि त्यावरून गावास हे नाव पडले. कथेत इतिहास किती आणि गंमत किती, हे सांगणे कठीण. विहिरीच्या तारखा मात्र निश्चित आहेत. १८८९ साली खोदाई सुरू झाली आणि पुढील वर्षाच्या नोव्हेंबरात ती ६६२ फुटांवर पूर्ण झाली. डिसेंबर १९०१ मध्ये येथील शुद्धीकरण कारखाना चालू झाला. भारतातील चालू कारखान्यांत तो सर्वांत जुना, आणि जगातील जे जुने कारखाने अद्याप चालू आहेत त्यांपैकी एक. १९८१ पासून तो इंडियन ऑइल कॉर्पोरेशनकडे आहे.

परंतु या भूमीची आणि तेलाची ओळख विहिरींच्याही आधीची आहे. बुढी दिहिंग नदीच्या काठाने फिरताना लेफ्टनंट विलकॉक्स या इंग्रज अधिकाऱ्यास १८२५ साली जमिनीतून आपोआप पाझरणारे तेल दिसले होते. माणसाने भोक पाडण्यापूर्वी हजारो वर्षे हे पाझर येथे वाहत होते, पावसात धुपत होते, पानापाचोळ्यात मुरत होते. अशा पाझरांनी सबंध अरण्य काळे करून टाकावयास हवे होते. ते झाले नाही. तेल येत होते तसे जातही होते. काही उन्हाने उडत होते, काही पाणी वाहून नेत होते, आणि उरलेले कोणी तरी खात होते. हे खाणारे कोण, याकडे आता आपण वळू. पण तत्पूर्वी माणसाने सांडलेल्या तेलाचा मामला निसर्गाच्या पाझराहून वेगळा कसा, हे पाहिले पाहिजे.

फरक प्रमाणाचा आहे. नाहरकटियाकडील विहिरी १९५३ पासून, मग मोरान, पुढे शिवसागरच्या बाजूस रुद्रसागर, लाकवा, गेलेकी, असे एकामागून एक तेलक्षेत्र या खोऱ्यात उघडत गेले. अनेक विहिरींचे तेल नळांनी एका केंद्रावर आणतात, तेथे त्यातील वायू व पाणी वेगळे करतात आणि मग ते पुढे पाठवितात. हे नळ चहाच्या मळ्यांतून, घरांच्या परसातून, भातखाचरांच्या बांधांखालून जातात. नळ जुना होतो, सांधा झिजतो, एखाद्या रात्री कोणी तो चोरीसाठी फोडतो, आणि सकाळी शेतकऱ्यास आपल्या खाचरातील पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो. टाक्यांच्या तळाशी साचणारा गाळ हा तर नित्याचाच प्रश्न. अर्धे तेल, थोडे पाणी आणि बाकी माती, असा तो चिकट काळा लगदा पूर्वी उघड्या खड्ड्यांत साठवीत असत. येथे वर्षाकाठी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खड्डा भरून वाहिला, की लगदा शेजारच्या शेतात.

भाताच्या रोपाला तेलाने जो उपद्रव होतो, तो केवळ विषाचा नव्हे. तेल मातीच्या कणांभोवती वेढा घालते, कणांमधील पोकळ्या बुजविते, आणि मग पाणी आत जात नाही व हवाही जात नाही. मूळ गुदमरते. आसामातील मुख्य पीक साली भाताचे. आषाढ-श्रावणाच्या सुमारास लावणी आणि अगहनात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या आगेमागे, कापणी. एक हंगाम गेला, की घरातील धान्याची कणगी वर्षभर रिती. म्हणूनच, खाचरातील माती पुन्हा केव्हा पीक देईल, हा प्रश्न त्या घरच्या गृहिणीच्या दृष्टीने शास्त्रीय कुतूहलाचा मुळीच नसतो.

उपाय तसे अनेक आहेत. माती खणून दुसरीकडे नेऊन टाकावी. पण मग ती दुसरी जागा बिघडते. ती भट्टीत जाळावी. पण जळलेली माती ही माती राहत नाही, वीट होते. रसायनांनी धुवावी, तर धुवण कोठे सोडावयाचे? गेल्या काही दशकांत आपल्याकडील शास्त्रज्ञांनी जो चौथा मार्ग धरला, तो निसर्गाच्या त्या जुन्या खाणाऱ्यांचाच आहे.

चिमूटभर, म्हणजे एखाद्या ग्रॅमभर, मातीत जीवाणूंची संख्या कोट्यवधींच्या घरात असते. त्यांत हजारो जाती. यांपैकी काहींस तेल खाता येते, ही गोष्ट विज्ञानाला तशी जुनीच ठाऊक आहे. क्लॉड झोबेल या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९४६ सालीच या विषयावरील तोवरच्या कामाचा विस्तृत आढावा घेतला होता. स्वच्छ मातीत या तेलखाऊ मंडळींचे प्रमाण अगदी नगण्य, हजारांत एकाहूनही कमी असते. पण तेथे तेल पडले, की चित्र पालटते. ज्यांना ते सोसत नाही ते मरतात अथवा निपचित पडतात. ज्यांना ते पचते ते वाढू लागतात, आणि काही आठवड्यांतच हे मूठभर रहिवासी त्या मातीचे मालक होऊन बसतात. जातींची विविधता घटते, संख्या मात्र वाढते. चांगले गजबजलेले गाव ओस पडावे आणि त्या जागी एकाच धंद्याच्या लोकांची वसाहत उभी राहावी, तसा हा प्रकार.

मग तेल आपोआप संपून का जात नाही? याचे उत्तर स्वयंपाकघरातील माणसास चटकन कळेल. खनिज तेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. त्यात शक्ती भरपूर, पण शरीर बांधण्यास लागणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळजवळ नाहीत. घरात तुपाचे घडे भरलेले असावेत आणि डाळीचा दाणा नसावा, अशी त्या जीवाणूंची अवस्था होते. तुपावर कोणी किती दिवस वाढेल? मातीत जो थोडाफार नायट्रोजन असतो, तो पहिल्या बहरातच संपतो आणि वाढ खुंटते. दुसरी अडचण हवेची. तेलाचा रेणू फोडण्याचे पहिले पाऊल हे जीवाणू प्राणवायूच्या साहाय्याने टाकतात, आणि तेलानेच तर हवेची वाट बुजविलेली असते. तिसरी अडचण अशी, की तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, आणि जीवाणू राहतात पाण्यात. यावर मात्र त्यांनी स्वतःच तोड काढली आहे. कित्येक जाती साबणासारखा एक पदार्थ शरीराबाहेर सोडतात. त्याने तेल बारीक थेंबांत फुटते आणि त्यांच्या तोंडी लागते. गुवाहाटी व तेजपूर येथील संशोधकांनी आसामच्या तेलक्षेत्रांतील मातीतून असे साबण तयार करणारे जीवाणू वेगळे काढून अभ्यासले आहेत.

तेव्हा माणसाचे काम काय? नायट्रोजन व फॉस्फरस देणे, ओल राखणे आणि हवा खेळविणे. थोडक्यात, शेती करणे. या पद्धतीने स्वच्छ केली जात असलेली जमीन पाहिली, तर ती प्रथमदर्शनी नांगरून ठेवलेल्या काळ्या शेताहून वेगळी भासत नाही. खाली पाणी झिरपू नये म्हणून चिकणमातीचा अथवा जाड कापडाचा थर देतात, त्यावर तेलकट माती वीतभर जाडीने पसरतात, खत टाकतात, पाणी शिंपडतात आणि ठरावीक दिवसांनी ती ट्रॅक्टरने अथवा साध्या नांगराने खालीवर करतात. दर महिन्या-दोन महिन्यांनी नमुने काढून प्रयोगशाळेत तेल किती उरले हे मोजतात. यात पाहण्याजोगे असे काहीच घडत नाही. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराची तर पार निराशाच व्हावी.

पण आकडे बोलके आहेत. जोरहाटच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी आसामातीलच बोरहोला तेलक्षेत्रात, तेल सांडलेल्या प्रत्यक्ष जागेवर, हवा, खत, ओल व जीवाणू यांचा मेळ घालून असा प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २००३ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात तेलाचा तीन-चतुर्थांशापर्यंत भाग नाहीसा झाला होता. त्याच्या दोन वर्षे आधी, २००१ मध्ये, दिल्लीच्या टाटा ऊर्जा संशोधन संस्थेतील, म्हणजे आजच्या ‘टेरी’तील, शास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह देशातील एका शुद्धीकरण कारखान्याच्या आवारात केलेल्या प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. तेथील मातीत तेलखाऊ जीवाणू फारच थोडे होते, ग्रॅमला हजार ते दहा हजार. दोन वाफ्यांत बाहेरून वाढवून आणलेले जीवाणू आणि खत मिसळले. तिसरा वाफा तसाच ठेवला. वर्षभराने पहिल्या दोहोंतील अनुक्रमे ९२ व सुमारे ९० टक्के तेल गेले होते. तिसऱ्यातील गेले होते अवघे १४ टक्के.

बाहेरून आणलेल्या या जीवाणूंचे मिश्रण पुढे ‘ऑइलझॅपर’ या नावाने तयार होऊ लागले. तेलकट मातीतूनच निवडलेल्या निरनिराळ्या जाती, ज्यांतील एक तेलाचा हा भाग खाते तर दुसरी तो, एकत्र वाढवितात आणि दाणे काढून उरलेले मक्याचे कणीस दळून त्या भुकटीत मुरवितात. ती भुकटी पिशव्यांत भरून शेकडो मैल नेता येते. आपल्या घरातील विरजणाची युक्ती याहून निराळी नाही. दुधात दही करणारे जंतू मुळात असतातच. पण चमचाभर विरजण लावले, की काम लवकर आणि भरवशाने होते.

येथे शास्त्रज्ञांत एक जुना वाद आहे, आणि तो मोठा मनोरंजक आहे. विरजण लावावे, की मातीतील मूळच्या जीवाणूंनाच खाऊपिऊ घालावे? बंगालमधील साईंथियात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी १९७० च्या सुमारास निरनिराळ्या जीवाणूंचे गुण एका स्यूडोमोनास जीवाणूत एकत्र आणले. तेलाचे अनेक घटक एकटा खाणारा असा हा जीवाणू होता. सजीवाचे एकस्व देता येते काय, हा प्रश्न त्यावरून थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. जगाच्या कायद्यात या जीवाणूने इतिहास घडविला खरा, परंतु सांडलेल्या तेलावर तो प्रत्यक्ष कधी सोडला गेला नाही. प्रयोगशाळेच्या काचेतील पैलवान उघड्या मातीच्या आखाड्यात टिकेलच, असा भरवसा नव्हता. शिवाय घडविलेला जीव मोकळा सोडण्यास कायदा आणि लोक दोघेही राजी नव्हते.

उलट बाजूचे उदाहरण अलास्काचे. २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्सॉन वाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज तेथील प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर आदळले आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन तेल समुद्रात गेले. किनाऱ्याच्या गोट्यांवर चढलेले तेल घालविण्यासाठी तेथे खत शिंपडण्यात आले, विरजण नव्हे. त्या थंड किनाऱ्यावरही तेलखाऊ जीवाणू होतेच, आणि नायट्रोजन मिळताच ते कामाला लागले. खत घातलेल्या भागांत तेल नाहीसे होण्याचा वेग काही ठिकाणी कित्येक पट वाढला. परंतु गोट्यांच्या खाली, जेथे हवा पोहोचत नाही, तेथे वीस वर्षांनंतरही तेलाचे थर सापडले.

आमच्या मते या वादाचे उत्तर जागेवर अवलंबून आहे. डिगबोईसारख्या भूमीत, जेथे पाझर युगानुयुगे वाहत आले आणि जेथील ऊबदार दमट हवा जीवाणूंच्या वाढीस सर्वथा अनुकूल, तेथे मूळचे रहिवासी भरपूर असण्याची शक्यता अधिक. नवा गाळ, जळका लगदा, खूप काळ विषाखाली राहून निर्जीव झालेली माती, अशा ठिकाणी विरजणावाचून भागत नाही. पण विरजण लावणाऱ्याने ते निवडताना डोळसपणा दाखविलाच पाहिजे. वर सांगितलेल्या २००१ च्या प्रयोगातील मुख्य जीवाणू ज्या जातीचा होता, त्या जातीतील इतर काही वाण इस्पितळांतील रुग्णांना जडणाऱ्या चिवट रोगांबद्दल कुप्रसिद्ध आहेत. प्रयोगाच्या जागी वर्षभरानंतरही तो जीवाणू मातीत टिकून होता. कामाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट. पण तो शेतात सोडण्यापूर्वी त्याची कुंडली नीट पाहिली गेली पाहिजे, हेही तितकेच खरे.

आणि काहीच केले नाही तर? या प्रश्नाचे सर्वांत दीर्घ उत्तर अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, बेमिजी गावाजवळ लिहिले जात आहे. २० ऑगस्ट १९७९ रोजी तेथे तेलाचा नळ फुटून सुमारे १७ लाख लिटर तेल जंगलात सांडले. बरेचसे उपसून काढले, तरी सुमारे ४ लाख लिटर जमिनीत मुरून भूजलापर्यंत उतरले. १९८३ पासून तेथील भूगर्भशास्त्र विभाग ही जागा मुद्दाम अभ्यासत आला आहे. तेथे आढळले ते असे, की प्राणवायू संपल्यावरही जीवाणू थांबत नाहीत. काही जाती मातीतील लोहाच्या गंजावर श्वास चालवितात. तोही सरला, की इतर जाती तेलाचा मिथेन वायू करू लागतात. पाण्यात विरघळणारी विषे त्यामुळे फार दूर पसरत नाहीत. हे समाधान लहान नाही. मात्र चार दशकांनंतरही तेथे जमिनीखाली तेल आहे. साली भाताच्या शेतकऱ्यास चाळीस हंगाम थांबा, असे सांगणे कोणास शक्य आहे?

जीवाणूंच्या मर्यादाही येथे सांगितल्या पाहिजेत, कारण अलीकडे त्यांच्या कौतुकात त्या विसरल्या जातात. ते तेलातील सरळ साखळीचे हलके रेणू प्रथम खातात, मग वलयांचे, आणि डांबरासारखे जड घटक शेवटी, तेही नाखुशीने. २००१ च्या त्या प्रयोगात एका वाफ्यात हलक्या भागाचे ९५ टक्के गेले, तर जड भागाचे ६३.५ टक्केच. उरलेला काळेपणा मातीत राहतो. तो फारसा विषारी नसला तरी राहतो. गाळातील निकेल, व्हॅनेडियम यांसारखे धातू तर कोणत्याच जीवाणूला पचत नाहीत. ते रूप बदलतील, नाहीसे होणार नाहीत. आणि तेलाबरोबर भूगर्भातून जे खारे पाणी वर येते, त्यातील मीठ खाणारा जीव अजून जन्मायचा आहे. शेतात तेल व खारे पाणी दोन्ही गेले असेल, तर जीवाणू तेल निस्तरतील. मीठ धुऊन काढण्यास पाऊस व उत्तम निचरा हेच उपाय.

डिगबोईहून परत माकुमला येऊन डुमडुम्याच्या वाटेने उत्तरेकडे वळलात, तर आपण बाघजानच्या परिसरात येता. पलीकडे दिब्रू-सैखोवाचे राष्ट्रीय उद्यान, अलीकडे मागुरी-मोटापुंग बील. बील म्हणजे आसामातील पसरट, उथळ पाणथळ. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तेथे उतरतात आणि काठची कुटुंबे त्यातील मासळीवर जगतात. येथील ऑइल इंडियाच्या एका वायुविहिरीतून २७ मे २०२० रोजी वायू व हलके तेल अनावरपणे उसळू लागले. ९ जूनला तिने पेट घेतला. आग विझविणाऱ्या दोन जवानांचा मृत्यू झाला, हजारो माणसे घरे सोडून शिबिरांत गेली, आणि विहीर पूर्णपणे शांत होण्यास १५ नोव्हेंबर उजाडला. या काळात उसळलेल्या तेलाचा तुषार खाचरांवर, चहाच्या पानांवर आणि बिलाच्या पाण्यावर पडत राहिला.

हलक्या तेलाचा बराच भाग उडून जातो आणि उरलेला जीवाणूंस पचण्यास सोपा असतो. पण तो आरंभी मासळीला व वनस्पतीला जड तेलापेक्षाही अधिक घातक ठरतो. शेताच्या मातीत नांगर घालता येतो, बिलाच्या तळच्या चिखलात येत नाही. तेथे बोटभर खोलीखाली प्राणवायू नसतो. बेमिजीत जे चालले आहे तेच तेथे मंद गतीने चालणार. एकाच अपघातात, हाकेच्या अंतरावर, एका जमिनीचा हिशेब महिन्यांत व दुसरीचा वर्षांत करावा लागतो, तो या हवेच्या फरकामुळे. भरपाईचे कागद तयार करणाऱ्यांनी शेतकरी आणि कोळी यांची गणना एकाच रकान्यात करू नये, ती याचसाठी.

तेल उतरू लागलेल्या मातीवर प्रथम काय उगवते, हे पाहण्यास मौज वाटते. भात नव्हे, भाजी नव्हे. आपल्या लव्हाळ्याच्या कुळातील एक बारीक गवत आसामच्या तेलकट जमिनींवर आपण होऊन उगवते. गुवाहाटी विद्यापीठातील अभ्यासकांनी ते मुद्दाम लावून पाहिले, तेव्हा त्याच्या मुळांच्या आधाराने तेल लवकर घटते, असे त्यांना आढळले. याचे कारणही मातीतच आहे. मुळे साखरेसारखे रस बाहेर सोडतात, त्यांच्या वाटेने हवा खाली उतरते, आणि मुळांभोवतीच्या त्या पातळशा थरात जीवाणूंची अक्षरशः जत्रा भरते. चिवट लव्हाळा उपटून दमलेल्या आपल्याकडील शेतकऱ्यास हे ऐकून हसू येईल.

माती बरी झाली, हे केवळ तेल मोजून ठरत नाही. तेल गेले तरी त्याचे अर्धवट फुटलेले तुकडे काही काळ रोपास बाधतात. म्हणून त्या मातीत पालेभाजीचे बी पेरून किती रुजते ते पाहतात, गांडुळे सोडून किती जगतात ते मोजतात. आणखी एक खूण जीवाणूंच्याच राज्यातील आहे. अमोनियाचे नायट्रेट करून पिकाला देणारे जे जीवाणू असतात, ते तेलापुढे लवकर हात टेकतात. ते मातीत परतून पुन्हा काम करू लागले, तर पिकाने यावयास हरकत नाही असे समजावे. हळूहळू इतर जातीही परततात. काही शेजारच्या बांधावरून, काही पावसाच्या ओघळाबरोबर, काही खोल थरांतून. पूर्वीची वस्ती जशीच्या तशी मात्र सहसा जमत नाही. तेलाच्या काळात मालक बनलेल्यांपैकी काही नव्या वस्तीतही आपली जागा राखून असतात.

बाकीच्यांचे अन्न संपते. ग्रॅमला कोट्यवधींवर गेलेली त्यांची संख्या महिन्यागणिक उतरत जाते, त्यांची प्रेते इतरांचे खत होतात, आणि अखेर ते पुन्हा हजारांत एकावर येऊन ठेपतात. त्या वेळेपर्यंत वर साली भाताची लावणी झालेली असते. गुडघाभर पाण्यात वाकून रोपे लावणाऱ्या बायकांच्या पायांखाली, चिखलात, ती मूठभर मंडळी झाडपाल्याचे अवशेष कुरतडीत दिवस काढीत असतात.